समुद्राच्या पाण्याचे बारा महिने

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला संयोजकांनी विचारलं, "तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर. फोनवर जरा वेळ शांतता. मग पलीकडून आवाज आला, "माढ्यात? समुद्र?" मी म्हटलं, अहो, चाळीस वर्षं मी तेच केलंय, दुसरं मला येत नाही. तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं सहन करा. बाहेर हुरड्याची आणि शेंगाचटणीची तयारी चाललेली आहे, वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे मी लांबवणार नाही.

सुरुवात याच शाळेतून करते. नववीत असताना आपली सहल कोकणात गेली होती. एसटीची लाल गाडी, घाटात निम्म्या जणांना उलट्या, आणि मग गणपतीपुळ्याला तो समुद्र. आपल्यापैकी कोणीच त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. आपण सगळ्यांनी पहिली गोष्ट काय केली? ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकलं. तेव्हा आपल्यातल्याच एकाने सरांना विचारलं, "सर, एवढं पाणी उघड्यावर आहे, हे नासत कसं नाही?" सर म्हणाले, "मीठ आहे ना त्यात. लोणचं नासतं का?" आम्हाला उत्तर पटलं. मलाही पटलं. पुढे सात-आठ वर्षांनी मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले तेव्हा कळलं की आमच्या लाडक्या सरांचं हे एक उत्तर चुकलं होतं. सर आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, माफ करा, पण सेहेचाळीस वर्षं हे सांगायचं राहिलं होतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लोणच्यात त्याच्या कितीतरी पट असतं. ३५ ग्रॅम म्हणजे सूक्ष्मजीवांना मारायला पुरेसं नाही, उलट तिथल्या जिवाणूंना तेवढं लागतंच, कमी झालं तर ते मरतात. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे पंधरा-वीस थेंबांत, साधारण दहा लाख जिवाणू असतात. चमचाभर पाण्यात पन्नास लाख. म्हणजे आपण त्या दिवशी जी ओंजळ तोंडाला लावली, तिच्यात अख्ख्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येहून अधिक जीव होते. आणि विषाणू याच्या दहापट, ते वेगळेच. घाबरू नका, बहुतेकांना माणसाशी काही देणंघेणं नसतं.

हे एवढे आहेत हे खूप उशिरा कळलं, त्याचं कारण आपल्या शेतकऱ्याला लगेच समजेल. पूर्वी जिवाणू मोजायचे म्हणजे काचेच्या ताटलीत त्यांचं खाद्य थापायचं, त्यावर पाण्याचा थेंब पसरायचा आणि किती ठिपके उगवतात ते मोजायचं. पेरणीच ती. पण समुद्रातल्या शंभर जिवाणूंपैकी एखादाच त्या ताटलीत उगवतो. बाकीच्यांना ते खाद्य नको असतं. पुढे चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजायची पद्धत आली, तेव्हा शास्त्रज्ञांना समजलं की आपण पेरणीवरून रानाची परीक्षा करत होतो आणि नव्व्याण्णव टक्के बी आपल्याला दिसलंच नव्हतं. मी पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. काळ्या पार्श्वभूमीवर निळे ठिपके. उन्हाळ्यात गच्चीवर झोपल्यावर माढ्याचं आभाळ दिसायचं ना, लाइट गेल्यावर, तसंच.

आता मुख्य विषय. आपल्याकडे ज्वारीचं, तुरीचं, हरभऱ्याचं वेळापत्रक असतं तसं समुद्राच्या पाण्याचंही असतं. मी ज्या किनाऱ्यावर काम केलं, म्हणजे गोवा आणि त्याला लागून सिंधुदुर्ग, तिथे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, तिकडे तीन हजारांच्या आसपास. त्यामुळे पाण्याचं रूप वर्षात पूर्ण उलटंपालटं होतं.

मार्च ते मे समुद्र शांत, गरम आणि स्वच्छ. पण स्वच्छ म्हणजे उपाशी. वरच्या थरातलं खत संपलेलं असतं, नायट्रेट जवळजवळ नसतं. आपल्या रानात खत नसेल तर आपण काय करतो? कडधान्य घेतो, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. समुद्रातही हेच होतं. ट्रायकोडेस्मियम नावाचा एक जिवाणू आहे, तो हवेतला नायट्रोजन पकडून जगतो. त्या दिवसांत त्याची इतकी वाढ होते की पाण्यावर लाकडाचा भुसा सांडल्यासारखे पिवळसर-तपकिरी पट्टे दिसतात, मैलोन्मैल. पहिल्यांदा बोटीतून ते पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणाची वखार बुडाली.

मग पाऊस येतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा मांडवी, झुआरी, तेरेखोल, कर्ली या नद्या लाल माती घेऊन समुद्रात शिरतात. मे महिन्यात जिथे पाणी समुद्राइतकं खारट होतं, त्याच नदीच्या मुखाशी जुलैत वरचं पाणी जवळजवळ गोडं लागतं. विचार करा, खाऱ्या पाण्यात जन्म काढलेल्या जिवाणूंवर आठवड्याभरात गोड्या पाण्याचा लोट. ते मरतात, किंवा खाली सरकतात, आणि त्यांच्या जागी नदीचे, मातीचे, शेणाचे, गटाराचे जिवाणू येऊन बसतात. गाव तेच, वस्ती बदलली.

वर हे चालू असताना खाली वेगळंच चालतं. त्याच महिन्यांत वारा आणि प्रवाह यांच्यामुळे खोल समुद्रातलं थंड, खताने भरलेलं पण प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागात वर चढतं. त्याच्यावर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या, हलक्या पाण्याचं झाकण बसतं. झाकणामुळे हवा खाली जात नाही. खतामुळे वर प्लवक माजतात, मरतात, खाली पडतात, आणि खालचे जिवाणू ते खाताना उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो.

माणसाचा प्राणवायू संपला तर माणूस संपतो. जिवाणू इतक्या लवकर हार मानत नाही. प्राणवायू संपला की तो नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतो. ते संपलं की सल्फेटमधला, आणि समुद्रात सल्फेटला काय तोटा? पण त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. सडक्या अंड्याचा वास, तोच तो वायू. लक्षात ठेवा याला, शेवटी पुन्हा भेटणार आहे. आणि नायट्रेटच्या टप्प्यावर नायट्रस ऑक्साइड तयार होतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट जास्त उष्णता धरून ठेवतो.

दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९७ पासून कांदोळी गावासमोर नेमाने जाऊन हे पाणी मोजायला घेतलं. डॉ. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० साली 'नेचर'मध्ये आलेला लेख जगभर गाजला. १९९९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस हा प्राणवायूहीन पट्टा फार तीव्र झाला होता, आणि त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइडही. त्यांचं म्हणणं असं की हा पट्टा निसर्गाचाच, तो पूर्वीपासून बनत आलेला आहे, पण जमिनीवरून वाहून येणाऱ्या नायट्रेटमुळे तो आणखी कडक होत असावा. जमिनीवरून म्हणजे कुठून? शेतातून, गटारातून. ऊस पिकवणाऱ्या तालुक्यात उभं राहून युरियाविषयी मी जास्त बोलत नाही, मला जेवून जायचंय.

हिवाळा मी पटकन उरकते. पाणी निवळतं, उत्तरेकडे अरबी समुद्र थंड वाऱ्याने घुसळला जातो आणि खालचं खत वर येतं, नॉक्टिल्युका नावाचा जीव हिरव्या गालिच्यासारखा पसरतो. तो रात्री चमकतो. मुंबईच्या किनाऱ्यावर निळ्या लाटांचे व्हिडिओ तुम्हा सगळ्यांना आले असतील, मला तर शाळेच्या ग्रुपवर चार वेळा आले, खाली 'दैवी चमत्कार' असं लिहून. दिसायला सुंदर असतं, पण तो फार माजणं हे मासेमारीच्या दृष्टीने चांगलं लक्षण नव्हे.

तर आता प्रदूषण. शहराच्या सांडपाण्यात माणसाच्या आतड्यातले जिवाणू असतात, त्यांना कोलिफॉर्म म्हणतात. ते सगळेच रोग करतात असं नाही, पण ते सापडले म्हणजे मैला पाण्यात मिसळला याची पावती. आंघोळीच्या समुद्रकिनाऱ्यासाठी आपल्याकडचं मानक असं आहे की १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातले कोलिफॉर्म १०० च्या वर नकोत. मुंबईत वरळी आणि वांद्रे इथून मोठे बोगदे समुद्राखालून सुमारे तीन किलोमीटर आत नेऊन सांडपाणी सोडतात. कल्पना अशी की समुद्र मोठा आहे, पातळ होईल, आणि मीठ आणि ऊन बाकीचं काम करेल.

मीठ आणि ऊन खरोखर काम करतात. आतड्यातला जिवाणू उबदार अंधारात वाढलेला असतो. उन्हातल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात तो काही तासांत बहुतांशी मरतो. पण हे मे महिन्यातलं गणित झालं. जुलैत आभाळ झाकलेलं, पाणी गढूळ, त्यामुळे ऊन आत शिरत नाही. मीठ उतरलेलं. मातीचे कण भरपूर, त्यांना चिकटून राहायला जागा. आणि वर्षभर नाल्यात, शोषखड्ड्यात, उकिरड्यावर साठलेलं सगळं पहिल्या दोन-तीन पावसांत एकदम धुऊन येतं. म्हणजे गटार तेच, माणसं तेवढीच, पण मे महिन्यात समुद्र जी घाण पचवतो ती जुलैत पचवत नाही. ऋतू वेगळा आणि प्रदूषण वेगळं असं मोजताच येत नाही. हे एक वाक्य शिकायला मला फार वर्षं लागली, आणि ते मला शिकवलं ते शाळा न शिकलेल्या एका बाईने. ती गोष्ट मी आजपर्यंत जाहीर सांगितलेली नाही.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. आमच्याकडे एका खाडीच्या पाण्याचं काम आलं होतं, दर महिन्याला नमुने घ्यायचे. खाडीचं आणि कामाचं नाव सांगत नाही. जून ते सप्टेंबर होडी मिळायची नाही, मिळाली तर खलाशी तयार नसायचे, आणि खरं सांगायचं तर मीही तयार नसायची. कोरड्या मुलखातली मुलगी मी, पोहता येत नव्हतं, पावसातल्या खाडीची भीती वाटायची. तेव्हा आम्ही पावसाळ्याचे नमुने सोडून दिले. आठ महिन्यांचे आकडे घेतले, त्यांची सरासरी काढली आणि तक्त्याच्या वर मी माझ्या हाताने लिहिलं, 'वार्षिक सरासरी'. आकडा छान आला. मानकाच्या आत. दोन वर्षं तसंच लिहिलं.

त्या खाडीत ओहोटीला बायका तिसऱ्या वेचायच्या. तिसऱ्या म्हणजे छोटे शिंपले, चिखलात बसलेले. आपल्याकडे ओल्या रानात भुईमूग उपटून झाल्यावर मागे राहिलेल्या शेंगा वेचतात ना, तसंच वाकून, बोटांनी चाचपून. तिसरी एका जागी बसून पाणी आत ओढते, गाळते आणि सोडून देते, दिवसभरात कित्येक लिटर. त्यामुळे पाण्यात जे थोडं असतं ते तिच्या पोटात पुष्कळ होतं. आम्ही पाण्याचे नमुने घेत होतो, तिसऱ्यांचे नाही. तिसऱ्या वेचणाऱ्या एका म्हातारीने मला एकदा विचारलं की बाटल्या भरून काय करतेस. मी सांगितलं, पाणी चांगलं आहे का ते बघते. म्हटलं, चांगलं आहे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी पावसात येनास नाय. आमची पोरां तर पावसातच आजारी पडतत."

ती चिडून बोलली नव्हती. सहज बोलली आणि परत वाकली. मी घरी आले आणि रात्रभर झोप नाही. तिच्या घरातल्या पोराला जुलाब झाले ते त्या पाण्याने की आणखी कशाने, हे मला माहीत नव्हतं, आजही नाही. पण मी 'वार्षिक' लिहिलं होतं आणि वर्ष बारा महिन्यांचं असतं, एवढं तर चौथीतल्या मुलालाही माहीत असतं.

पुढच्या जूनपासून मी होडीची वाट बघितली नाही. पुलावरून दोरीला बादली बांधून सोडायची, खाली काचेची निर्जंतुक बाटली, डोक्यावर इरलं. तिथल्याच एकाने ते इरलं मला दिलं, छत्री त्या वाऱ्यात टिकत नव्हती. मे महिन्यातल्या ताटलीत बोटावर मोजता येतील एवढे ठिपके उगवले होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तीच ताटली लोणी थापल्यासारखी भरून गेली. मोजताच येईना. आम्ही अशा वेळी वहीत 'मोजण्यापलीकडे' असं लिहितो. मी वरिष्ठांना जाऊन सांगितलं की मागचे दोन तक्ते चुकीचे आहेत. त्यावर जे व्हायचं ते झालं, बोलणी खाल्ली, बढती जरा लांबली. तक्ते मात्र दुरुस्त झाले. म्हातारीला सांगायला गेले तेव्हा तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "मियां सांगलंय तर," एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, हे कोकणातलं झालं, आमचा काय संबंध? जरा मागे चला. आपल्या घरात आज्जी पाणी कसं भरायची आठवतं? घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी-चौहेरी घालायची. विचारलं की सांगायची, "गाळून पी, न्हाईतर नारू हुईल." नारू ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको, पायातून हळूहळू काडीला गुंडाळून काढायचा तो किडा. नारूची अळी पाण्यातल्या एका अगदी बारीक प्राण्याच्या पोटात असायची, सायक्लॉप्स त्याचं नाव. तो फडक्यात अडकायचा. आज्जीला सायक्लॉप्स माहीत नव्हता, पण फडकं माहीत होतं. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला.

याच सायक्लॉप्सचे भाऊबंद समुद्रात आणि खाड्यांमध्ये असतात, आणि त्यांच्या कवचाला चिकटून पटकीचा जिवाणू राहतो. पटकी म्हणजे कॉलरा. पंढरपूर आपल्या शेजारी, त्यामुळे हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी फार होता. आषाढीला जाणाऱ्यांना टोचून घ्यावं लागायचं, ते दंड सुजायचे, हे मी घरात ऐकलेलं आहे. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात तो जिवाणू वेगळा केला, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं सगळ्यांना वाटत होतं की तो माणसाकडून माणसाकडे जातो, मधे पाणी म्हणजे फक्त वाहन. रिटा कोलवेल या अमेरिकन बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो पाण्याचा पाहुणा नाही, घरचाच आहे. थोडंसं खारट, कोमट पाणी त्याला मानवतं. प्लवक वाढले की तो वाढतो. प्रतिकूल दिवसांत तो असा निपचित पडतो की ताटलीत उगवत नाही, पण मेलेलाही नसतो.

मग कोलवेल बाईंनी बांगलादेशातल्या खेड्यांत काय केलं असेल? बायकांना सांगितलं, जुनी सुती साडी आठ पदरी करा आणि तिच्यातून पाणी गाळा. जुनी अशासाठी की वापरून वापरून तिचे धागे फुगतात आणि छिद्रं बारीक होतात. २००३ साली निष्कर्ष छापून आले, पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तो लेख मी प्रयोगशाळेत वाचत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचं परस, घागर आणि आज्जीचं हिरव्या काठाचं लुगडं. मी शेजारच्या सहकाऱ्याला म्हटलं, हे आमच्याकडे फुकट होतं. अर्थात आज्जीचं फडकं दोन-चार पदरीच असायचं आणि जिवाणू सुटे असतील तर त्यातून आरपार जातात, हेही सांगायला हवं. फडकं म्हणजे उकळणं नव्हे.

आणि उजनी. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९८० साली, धरण पूर्ण झालं. ११७ टीएमसीचं धरण आपल्या तालुक्यात, आणि त्याने या तालुक्याचं नशीब बदललं हे मी नाकारत नाही. माझ्या भावाचा ऊस त्याच पाण्यावर आहे. पण त्यात वरून काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, सगळ्यांच्या मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी भीमेतून इथे येऊन थांबतात. पाणी थांबलं, तापलं, खत मिळालं की ते हिरवं होतं. त्याला आपण शेवाळ म्हणतो, पण त्यातलं बरंचसं शेवाळ नसून जिवाणूच असतात, त्या ट्रायकोडेस्मियमचे चुलतभाऊ. त्यांच्यातल्या काही जाती विष तयार करतात. ते विष उकळून जात नाही. उकळल्याने जिवाणू मरतील, विष भांड्यात राहील. गुरांना हिरवा थर आलेल्या काठावर पाणी पाजू नका, एवढं माझं ऐका.

हे पाणी इथेच थांबतही नाही. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीला समुद्राला. म्हणजे माढ्याचं गटारसुद्धा शेवटी एका किनाऱ्यावर जातंच, फक्त आपल्या कोकणच्या नाही, बंगालच्या उपसागराच्या. तिकडेही कोणीतरी बाई चिखलात वाकून शिंपले वेचत असेलच.

आता तो सडक्या अंड्याचा वायू. १९८२ साली आपल्याच देशातल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी एक सोपी चाचणी मांडली. छोटी बाटली, आत रसायन लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबदार जागी ठेवायची. मैल्याबरोबर येणारे बरेच जिवाणू त्या पट्टीवर हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो पट्टीतल्या लोहाशी जुळतो आणि पाणी काळं होतं. एक ते दोन दिवसांत कळतं. गोव्यासमोरच्या समुद्राच्या तळाशी ऑक्टोबरात दिसणारा वायू तोच, फक्त खिशात मावणाऱ्या बाटलीत. प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको. अगदी नेमका आकडा मिळत नाही, पण हो की नाही एवढं बऱ्यापैकी कळतं.

मी निवृत्त झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात माढ्याला आले ती दोन डझन बाटल्या घेऊनच. घरच्या आडाचं पाणी मे महिन्यात भरलं. बाटली तीन दिवस स्वच्छ. आई खूश. तिचं वय नव्वदीला टेकलंय, ती आडाशिवाय दुसरं पाणी पीत नाही. नळाला औषधाचा वास येतो म्हणते, आणि लग्न होऊन आली तेव्हापासून हेच पाणी प्यालीय. मला परत जायचं होतं, पण ती म्हातारी आठवली आणि थांबले. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर त्याच आडाचं पाणी पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी.

माझा भाऊ इथेच बसलाय, त्याच्या परवानगीने सांगते. आमच्या नव्या संडासाचा शोषखड्डा आडापासून दहा-बारा पावलांवर आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी, खड्ड्यातलं पाणी खाली मुरतं, आडापर्यंत पोचत नाही. पाऊस झाला, मुरूम ओला झाला की वाट मोकळी. भाऊ म्हणाला, "तुझ्या बाटलीतच काहीतरी असेल." मी चार बाटल्या भरल्या, दोन आडाच्या, दोन उकळून गार केलेल्या. आडाच्या काळ्या झाल्या, उकळलेल्या नाहीत. तेव्हापासून आमच्यात बोलणं जरा बेताचंच होतं. खड्डा हलवायला खर्च येतो, जागा लागते, त्याचंही बरोबर आहे. गेल्या महिन्यात त्याने गवंडी बोलावला. तोवर वहिनी आईला न सांगता पाणी उकळून तिच्या तांब्यात भरते आहे. आईला चव कळते. ती रोज विचारते, "हे आडाचंच हाय का गं?" आणि वहिनी म्हणते, हो. आडाचंच आहे, खोटं नाही त्यात.

मुख्याध्यापक सरांशी बोलून मी शाळेला अशा दोनशे बाटल्या दिल्या आहेत. नववीच्या मुलामुलींनी आपापल्या घरचं पाणी भरायचं आहे. मे महिन्यात एकदा, पहिला मोठा पाऊस झाल्यावर आठवड्याच्या आत एकदा, पोळ्याला एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. कुणाच्या घरची बाटली काळी झाली ते वर्गात नावानिशी वाचायचं नाही, हे सरांनी मान्य केलंय. ते पोराने घरी जाऊन सांगायचं. वहीला तीनशे पासष्ट दिवसांचे रकाने आहेत, आणि वर 'वार्षिक' हा शब्द लिहायला मी अजून मनाई केलेली आहे. चारही वेळा भरून झालं की मग लिहा.

माझ्या भाच्याने परवा विचारलं, की बाटली उबदार ठेवायची तर देवघरात समईजवळ ठेवू का? आईने आतूनच ओरडून सांगितलं, "त्यो काळा उकिरडा माझ्या देवाजवळ आणायचा न्हाई." तेव्हा ती सध्या दूध तापवायच्या चुलीमागे, फळीवर आहे. तुम्हीही तिथेच ठेवा.